मापाचा एक्सल

ड्रॅग रेसची धाव पाव मैलाची, म्हणजे 402 मीटर. वळण नाही, चढ नाही, खड्डा तर नाहीच. तरीही एक्सल तुटतो, आणि बहुतेकदा भरधाव वेगात नव्हे, तर गाडी जागची हलते त्या क्षणी.

हिशेब करून पाहा. इंजिनाचा टॉर्क 800 न्यूटन-मीटर धरू. अमेरिकेतल्या ड्रॅगवाल्यांच्या लाडक्या 'टर्बो 400' गिअरबॉक्सचा पहिला गिअर तो 2.48 पट करतो आणि मागचं 4.10 चं क्राऊन-पिनियन त्याच्या आणखी चौपट. चाकांशी पोचेपर्यंत आकडा 8,100 च्या वर जातो. साध्या रस्त्यावर टायर घसरतो आणि एक्सल वाचतो. ड्रॅग स्ट्रिपवर मऊ रबराचे रुंद स्लिक टायर आणि चिकट द्रव मारलेला ट्रॅक! चाक घसरत नाही, मग पीळ बसतो एक्सलला. खोललेल्या जुन्या एक्सलच्या टोकाचे सरळ दाते कधीकधी सुंभासारखे तिरपे झालेले दिसतात.

फोर्डने 1957 मध्ये आणलेलं 'नऊ इंची' डिफरन्शियल या खेळात आजही चालतं. कारखान्यातून येताना त्याच्या एक्सलला 28 किंवा 31 दाते असत. रेसवाले 35 दात्यांचा मागवतात. 31 वाल्याचा व्यास 1.32 इंच, 35 वाल्याचा दीड. जाडी वाढते जेमतेम 14 टक्क्यांनी, पण पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जवळपास दीडपट होते.

वजनाचं काय? पिळाचा ताण पृष्ठभागाशी सर्वाधिक, मध्यभागी शून्य. म्हणून काही एक्सल आतून पोकळ करतात. निम्म्या व्यासाचं भोक पाडलं, तर त्या भागातलं वजन 25 टक्के घटतं आणि ताकद फक्त 6 टक्क्यांच्या आसपास.

काही गाड्यांत एक्सल आतल्या टोकाच्या इंग्रजी 'सी'च्या आकाराच्या क्लिपवर अडकवलेला असतो. तो तुटला, की उरलेल्या तुकड्यासकट चाक बाहेर! म्हणून पाव मैल 10.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला एनएचआरए ही अमेरिकन संघटना खास एक्सल आणि तो बाहेरच्या टोकाला धरून ठेवणारी जोडणी सक्तीची करते.

इंडियानातली मोझर, इलिनॉयमधली स्ट्रेंज, कोलोरॅडोतली मार्क विल्यम्स या कंपन्या मापानुसार एक्सल बनवून देतात. त्यासाठी हाउसिंगची रुंदी, बेअरिंगचा आकार, ब्रेकची बैठक, स्टडची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर लागतं. डावी-उजवी लांबी सारखी असेलच असं नाही, म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या. शिवाय गाडीचं वजन आणि इंजिनाची ताकद खरी सांगायची.

अनुभवी माणूस म्हणूनच एक्सल शेवटी घेतो. आधी टायर, मग रिम, मग ब्रेक. ते सगळं गाडीखाली बसवून पाहिल्यावरच टेप हातात येते.