वाटीभर माप, जिल्हाभर चव

घरगुती पाककृती-लेखनाचा नाशिकहून घेतलेला आढावा

पाककृती लिहिणाऱ्या बाईची दिवाळी पितृपक्षातच उरकलेली असते. भाजणीचं माप लोकांना सणाच्या आधी हवं असतं, त्यामुळे सगळं शहर अजून श्राद्धाच्या वड्यांत असताना तिच्याकडे सोऱ्या निघतो, चकल्या तळल्या जातात आणि त्यांचे फोटो निघतात. तिची गुळपोळी मार्गशीर्षात होते. घरच्यांना हे वेळापत्रक अंगवळणी पडतं. फोटो होईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, हेही पडतं.

घरातल्या चार माणसांसाठी रांधताना मापाची गरज नसते. हात आणि नजर पुरतात. न पाहिलेल्या माणसासाठी तोच पदार्थ लिहायचा झाला की हाताचं काम शब्दांवर आणि आकड्यांवर येतं. मराठीत हे काम दीडशे वर्षं चालू आहे. त्यातून काय साधलं आणि काय राहून गेलं, हे नाशिकमध्ये बसून पाहिलं तर जरा वेगळं दिसतं.

शेरापासून शिट्टीपर्यंत

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं. छापील मराठी पाककृतींच्या आरंभीच्या पुस्तकांत ते मोजलं जातं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाककृती’नं मोठा वाचकवर्ग मिळवला. तो काळ शेर, छटाक, तोळ्यांचा. १९५६ चा वजन-मापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत बाजारात किलो-ग्राम आले. स्वयंपाकघरात तराजू मात्र आला नाही. वाण्याकडून किलोनं आणलेलं पीठ घरात मुठीनं आणि वाटीनंच निघत राहिलं.

ही फट कमलाबाई ओगले यांनी ओळखली. त्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं. शालेय शिक्षण बेताचं असलेल्या या बाईंनी वाटी आणि चमचा हीच मापं धरली आणि पहिल्यांदाच घराबाहेर राहणाऱ्या मुलीला, परगावी नोकरीला लागलेल्या मुलाला स्वयंपाक जमू शकतो असा विश्वास दिला. आई जवळ नसताना आईचं काम करणारं पुस्तक, म्हणून ते लग्नाच्या रुखवतातही गेलं. पुढे प्रेशर कुकर घरोघरी आला आणि वेळ मोजायला शिट्टी आली. ‘तीन शिट्ट्या’ हे प्रमाण कुठल्याही कायद्यात नाही, तरी ते कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर छपाईची अटच गेली. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये मराठी पदार्थ पडद्यावर करून दाखवायला सुरुवात केली. २०२० मध्ये शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमनबाई धामणे नातवाच्या मोबाइलमुळे ‘आपली आजी’ म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाल्या. पुणे-मुंबईच्या संपादकाच्या टेबलावरून न जाता खेड्यातली चूल थेट लोकांपुढे आली, हा या टप्प्याचा खरा बदल.

जलालपूरची लक्ष्मी

नाशिकचा या परंपरेशी जुना संबंध आहे, तो पाककृतीच्या पुस्तकातून मात्र नाही. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. त्यात पदार्थांची मापं नाहीत, पण स्वयंपाकघर कसं चालतं हे मराठीत इतक्या मोकळेपणानं फार थोड्यांनी लिहिलं आहे. वडिलांच्या विलक्षण सोवळ्यापायी बाहेरून येणारी वस्तू न् वस्तू धुवून घेणारं घर, नवऱ्याच्या लहरीनं कधी भरलेले तर कधी रिकामे डबे, पाहुण्यांचा राबता, स्वतःच्या १९०० मधल्या बाप्तिस्म्याच्या आगेमागे कोणाच्या हातचं खावं-प्यावं याचा मनातला झगडा, हे सगळं त्या हसत सांगतात. कोणी शिजवलं, कोणाला वाढलं, कोणाला वाढलं नाही, ही माहिती साहित्य-कृतीच्या दोन रकान्यांत मावत नाही. लक्ष्मीबाईंनी ती लिहिली, आणि पुढच्या पाककृती-लेखकांनी बहुतेक सोडून दिली.

एका जिल्ह्यात चार ताटं

बाहेरच्यांसाठी नाशिकचं खाणं म्हणजे मिसळ, चिवडा, द्राक्षं आणि अलीकडे वाइन. मिसळीचा मान मोठाच. काळ्या किंवा लाल रश्शात मटकी, वर शेव, बाजूला पाव, पापड, दही. पण ते हॉटेलातलं खाणं. घरची ताटं जिल्हाभर बदलत जातात.

पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा पावसाचा पट्टा. इथे भात, वरई आणि नाचणी, म्हणजे इथली नागली. घोटी भातगिरण्यांचं गाव. नागलीची भाकरी, नागलीचे पापड, उडदाचं आमटीसारखं कालवण हे रोजचं. मधल्या निफाड-दिंडोरीत कांदा आणि द्राक्षं. दक्षिण-पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे पाऊस कमी, म्हणून बाजरी. उत्तरेला कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. या भागाला लोक ‘कसमादे’ म्हणतात. तिथे बोलीत अहिराणी मिसळते आणि ताटात खानदेश: शेवभाजी, कळण्याची भाकरी, वरण-बट्टी, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे. हातावर झेलत मोठा केलेला मांडा उलट्या खापरावर टाकणं हे जिच्या हाताला येतं तिचा गावात मान असतो.

या चारपैकी छापील पुस्तकांत किती उतरलं? मराठी पाकपुस्तकं बहुधा पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय, त्यातही उच्चवर्णीय घरांतून लिहिली गेली. त्यामुळे ‘महाराष्ट्रीय’ म्हणून अळूची भाजी आणि साटोरी आली, नागली आली ती बाळाच्या सत्त्वापुरती. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष ठरवलं, तेव्हा शहरात नागलीची बिस्किटं आणि डोसे आले. सुरगाण्याच्या घरात भाकरीसाठी उकड काढतात की नुसत्या गरम पाण्यात पीठ मळतात, हे तरीही कोणी विचारलं नाही.

कोणते दोन कांदे?

मापाची मर्यादा पाहायची तर कांदा घ्यावा. ‘दोन मध्यम कांदे’ असं कुठल्याही पाककृतीत असतं. जिल्ह्यातल्या लासलगावची बाजार समिती १९४७ ची, आणि लासलगावच्या कांद्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या भागातली बाई कांदा म्हणत नाही, ती पोळ, रांगडा किंवा उन्हाळ म्हणते. पोळ हा खरिपाचा लाल कांदा, पाण्याचं प्रमाण जास्त, टिकायला कमी. रांगडा त्यामागून येतो. उन्हाळ मार्च-एप्रिलपासून निघतो आणि चाळीत दिवाळीपर्यंत राहतो. उन्हाळ कांद्याचं वाटण लवकर तांबूस होतं. पोळ कांदा आधी पाणी सोडतो, मग ते आटेपर्यंत थांबावं लागतं. कार्तिकात पाककृती करून पाहणाऱ्या वाचकाला ‘पाच मिनिटं परता’ पुरत नाही आणि रस्सा कच्चट लागतो. दोष त्याच्या हाताचा नसतो.

कुरडईचंही तेच. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून पिळून गाळायचे. रात्रभर निवळलं की वरचं पिवळसर पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं. खाली राहतो तो चीक. पुस्तकात सरळ ‘चिकाइतकं पाणी’ असतं. पण नितळ पाणी नीट ओतलं नाही तर चीक आधीच पातळ असतो, आणि तेवढंच पाणी उकळायला ठेवलं तर कुरडई सोऱ्यातून पडते ती पसरते. म्हणून अनुभवी बायका वरचं पाणी ओतून झाल्यावर चीक मोजतात, थोडं पाणी मागे ठेवतात. चीक धारेनं सोडत एकीनं ढवळायचं, दुसरीनं पातेलं धरायचं. हिंग-मिठासकट शिजून त्याला चकाकी आली की उतरवायचा. हे वाक्य लिहिणारी बाई कुरडया घालून आलेली असते. नुसतं माप उतरवणारीला ते सुचत नाही.

लिहिणारीचा दिवस

आजच्या घरगुती पाककृती-लेखिकेच्या ओट्यावर म्हणूनच काही सवयी दिसतात. वाटी एकच, ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. कढई तीच, आच तीच. पदार्थ निदान दोनदा केल्याशिवाय लिहायचा नाही. पिठाच्या हातानं वहीत टिपलेलं रात्री नीट उतरवायचं, कारण सकाळपर्यंत ‘थोडं पाणी’ म्हणजे किती ते आठवत नाही. फोटो सकाळच्या उजेडात खिडकीशी. मिक्सर आणि शेजारच्या बांधकामाचा आवाज बंद असेल तेव्हा बोलून घ्यायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी फोडणीला. यातून काहीजणी मसाले, पिठं, फराळ विकू लागतात, मग २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी आणि डब्यावरची तारीख हे कामही त्यांच्यावरच येतं.

या श्रमाला घरात अजूनही ‘हौस’ म्हणतात. वाचकांचे प्रश्न मात्र हौशीचे नसतात: चकली तेलात का विरघळली, अनारशाला जाळी का पडली नाही. मोहन जास्त झालं की चकली विरघळते, कमी पडलं की कडक होते. हे सांगता येणं ही विद्या आहे, आणि ती चुकलेल्या घाण्यांतून येते.

मापाचं काम मराठीत बरंचसं झालं आहे. आता मापाशेजारी गाव लिहायचं काम उरलं आहे: धान्य कोणतं, कांदा कुठल्या हंगामाचा, चूल की गॅस, पदार्थ कोणाच्या घरचा आणि कुठल्या सणाचा. गंगेवरच्या, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात नागली घेऊन बसलेल्या बाईला दोन प्रश्न विचारले तरी सुरुवात होईल. विचारणारी नाशिकची असेल तर उत्तम, पण पुढचं मोलाचं मराठी पाकपुस्तक पेठ-सुरगाण्याच्या किंवा कसमादेच्या बाईनं स्वतःच्या नावानं लिहिलेलं असावं, आणि त्यात तिच्या बोलीतले शब्द कंसात अर्थ न देता छापलेले असावेत.