‘तिकडं सगळं सरकार बघतं’

बुलढाण्यात ईपीएस-95चे, म्हणजे 1995च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे, पेन्शनधारक 24 डिसेंबर 2018 रोजी साखळी उपोषणाला बसले. मागणी महिन्याला साडेसात हजार आणि महागाई भत्त्याची. हातात पडणारी किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून एक हजार. अशा गावात ‘त्यांचा पोरगा अमेरिकेत आहे, त्यांना काय चिंता? तिकडं सगळं सरकार बघतं’ असं कुणी म्हटलं तर नवल नाही. सरकार बघतं, पण आधी वर्गणीची नोंद बघतं.

अमेरिकेचंच घ्या. एच-वन-बी व्हिसावरच्या मुलाच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे 6.2 टक्के कापले जातात, तेवढेच कंपनी घालते. कापले म्हणजे मिळणारच, असं घरचे धरून चालतात. पण म्हातारपणीच्या पेन्शनला 40 क्रेडिट, म्हणजे कमाईवर जमा होणारे गुण, लागतात आणि वर्षाला चारच जमतात. म्हणजे किमान दहा वर्षं. सहा वर्षांनी व्हिसा संपून परतलेल्याला पेन्शन नाही, कारण भारत-अमेरिका सामाजिक सुरक्षा करार अजून झालेला नाही; आणि भरलेले पैसेही परत नाहीत. याच्या उलट भीतीही असते: ‘भारतात परतलो तर पेन्शन बुडेल.’ ती खोटी. चाळीस क्रेडिट पुरी असतील तर भारतीय नागरिकालाही ती इथं बसून मिळते. मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, मात्र भारतातल्या दवाखान्यात चालत नाही.

खरा घोळ अपंगत्वाच्या बाबतीत होतो. ‘आपल्याकडचं सर्टिफिकेट दाखवलं की झालं’, हा समज अगदी शिकलेल्यांचाही. जिल्हा रुग्णालयातलं मंडळ शरीर तपासून टक्का लिहून देतं आणि 40 टक्क्यांपासून पुढं आपल्या बहुतेक सवलती सुरू होतात. जर्मनीत टक्क्यावर पेन्शन ठरत नाही. तिथं विचारतात, रोज किती तास काम जमेल? तीन तासांपेक्षा कमी असेल तर पूर्ण पेन्शन, तीन ते सहाच्या मध्ये असेल तर अर्धी. अमेरिकेत अर्धं-मुर्धं काही नाही. कमाईचं कुठलंच काम जमत नाही आणि ही अवस्था किमान वर्षभर टिकेल किंवा जिवावर बेतेल, हे सिद्ध करावं लागतं. एक हात गेलेल्या पण संगणकावर बसू शकणाऱ्या माणसाला भारतात दाखला मिळेल, अमेरिकेत बहुधा नकार.

त्यातही वयाचा भाग आहे. अपंगत्वासाठी अमेरिका तरुणांकडून पुरी दहा वर्षं मागत नाही. चोविशीच्या आत असाल तर आधीच्या तीन वर्षांतली सहा क्रेडिट पुरतात. हे ऐकून हायसं वाटतं. पण अपंगत्वाची पेन्शन घेणारा असा मुलगा आईवडिलांजवळ मेहकरला परत आला आणि 40 क्रेडिट किंवा अमेरिकेतलं दहा वर्षांचं वास्तव्य नसेल, तर सलग सहा महिने बाहेर राहिल्यावर रक्कम थांबते. घरी आणायचं की तिथंच ठेवायचं, हे ठरवताना हा नियम कुणी आधी सांगत नाही.

जर्मनीशी आपला करार आहे. सध्याचं व्यापक रूप 1 मे 2017 पासून. तिथं पेन्शनला किमान पाच वर्षं लागतात, पण पुण्यात पीएफ भरलेली तीन आणि जर्मनीतली तीन पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. पैसे मात्र प्रत्येक देश आपापल्या वर्षांचेच देतो. म्हणूनच ‘चाललोच आहोत तर पीएफ काढून टाकू’ ही घाई महागात पडते. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली तर 10सी फॉर्मवर पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येतं. ते घेतलं तर वर्षं शिल्लक राहतात, पैसे काढले तर ती गेली. आणि कंपनीनंच पाठवलं असेल तर ईपीएफओचं, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेचं, कव्हरेज प्रमाणपत्र मागून घ्यावं, म्हणजे दोन्हीकडं कापणी होत नाही.

कॅनडाची गोष्ट निराळी. तिथली ओल्ड एज सिक्युरिटी वर्गणीवर नाही, वास्तव्यावर चालते: वयाच्या अठरानंतरची दहा वर्षं. परदेशात राहून हवी असेल तर वीस. भारताशी करार असल्यानं कमी पडलेली वर्षं जुळवून घेता येतात.

आखातात पेन्शन शोधू नये. संयुक्त अरब अमिरातीत निघताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचा मूळ पगार, पुढं 30 दिवसांचा. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी आवश्यक) असा शेरा आहे, म्हणजे साधारणपणे दहावी न झालेल्यांच्या, त्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. एजंट ‘विमा काढला’ म्हणतो आणि कागद स्वतःकडंच ठेवतो. पॉलिसीची एक प्रत घरच्यांकडं हवी.

आता आपल्याच ईपीएसची एक बाजू, जी उपोषणाच्या मंडपातही फारशी निघत नाही. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची अट लागत नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पेन्शन लागू होते. रक्कम तुटपुंजी, हे खरं. पण पात्रतेच्या या एका कलमात अमेरिका आपल्यापेक्षा कडक आहे.