उदगीरच्या उन्हात पाइनचं बोन्साय? सुरू लावा

जपानी काळ्या पाइनला हिवाळ्यात खरी थंडी लागते. ती आपल्या उदगीरला कुठून आणणार? मला विचाराल तर कोकण किनाऱ्यावरचा सुरू घ्या. दिसतो पाइनसारखाच, पण त्या 'सुया' म्हणजे सांधेदार हिरव्या काड्या. खरी पानं सांध्यांवरचे बारीक खवले.

आपली काळी माती कुंडीत नकोच, पाणी धरून बसते. विटांचा चुरा, जाड वाळू, थोडं पालाखत. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरव्या नेटखाली ठेवा, पाणी सकाळ-संध्याकाळ. कुंडी बदलायची ती जूनमध्ये पाऊस लागल्यावर, मुळांशी थोडी जुनी माती राखून. मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पुरवतात, त्यामुळे युरिया टाळा. पावसाळ्यात फांद्या भराभर जाडावतात, वळण द्यायला गुंडाळलेली तार रुतायच्या आत कापून काढा.