किल्ल्यांचा जुडगा आणि परवलीचा शब्द

पूर्वी किल्ल्या सांभाळणे हा घरातल्या कर्त्या बाईचा मान असे. कोठीची किल्ली वेगळी, कपाटाची वेगळी, दागिन्यांच्या पेटीची त्याहून वेगळी. साऱ्या घराला एकच किल्ली चालेल, असे कुणी सुचवले असते तर तिने त्याला वेड्यात काढले असते. आज बँक, विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, लग्नाचे फोटो सारे इंटरनेटवर गेले. आणि आपण मात्र या सगळ्या दारांना एकच किल्ली लावून निर्धास्त झोपतो. ती किल्ली म्हणजे बहुधा मुलीचे नाव आणि तिचे जन्मवर्ष!

परवलीचा शब्द मूळचा पहारेकऱ्यांचा. संगणकाच्या दाराशी तो आला १९६० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. एकच संगणक अनेकांनी वापरायचा, तर ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. गंमत अशी, की १९६२ मध्येच ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने सर्वांच्या पासवर्डची यादी छापून घेतली. त्याला संगणकावर जास्त वेळ हवा होता!

आजही चोरी बहुधा अशीच होते. २००९ मध्ये ‘रॉकयू’ या कंपनीकडून तीन कोटींहून अधिक पासवर्ड चोरीस गेले. त्यांत सर्वांत लोकप्रिय होता ‘१२३४५६’. असे चोरलेले जुडगे मग इतर दारांना लावून पाहिले जातात. एखाद्या किरकोळ दुकानाच्या संकेतस्थळावर दिलेला पासवर्डच तुमच्या ई-मेललाही असेल, तर सारेच उघडे पडते. कारण ‘पासवर्ड विसरलो’ म्हणताच बहुतेक खाती नव्या किल्लीची सोय ई-मेलवरच करतात.

मग पासवर्ड असावा तरी कसा? मोठे अक्षर, अंक, चिन्ह घाला आणि तो वरचेवर बदला, हा सल्ला २००३ मध्ये अमेरिकी मानक संस्थेतील बिल बर यांनी लिहिला. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनीच त्याबद्दल खंत व्यक्त केली. माणसे ‘गणेश@१’ चे पुढच्या महिन्यात ‘गणेश@२’ करतात, आणि ही युक्ती चोरालाही ठाऊक असते. त्याच वर्षी संस्थेने नियम बदलले : लांबीला महत्त्व द्या, आणि चोरीचा संशय नसेल तर उगाच बदलायला लावू नका.

अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेली रीत सोपी आहे. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासा टाकून शब्द निवडायचे. आठ लहान रोमन अक्षरांच्या सुमारे २०,८८२ कोटी जुळण्या होतात. फाशाने निवडलेल्या पाच शब्दांच्या त्याच्या तेरा कोटी पटींहून अधिक! आपण जाडजूड शब्दकोश डोळे मिटून पाच ठिकाणी उघडावा. ‘जांभूळ शिट्टी पायरी तबला वादळ’ असे काही निघाले, की रोमन अक्षरांत लिहावे. पायरीवर बसून जांभळे खात, शिट्टी वाजवत तबला बडवणारा माणूस आणि अंगावर येणारे वादळ एकदा डोळ्यांसमोर आणले, की विसरणे कठीण. (हे शब्द मात्र आता छापून आले; तुमचे वेगळे हवेत.) म्हण किंवा अभंगाची ओळ नको, जे सर्वांना पाठ, ते चोरालाही पाठ.

अशी दोन-तीन वाक्येच लक्षात ठेवायची. बाकीचे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरवर सोपवावेत. ते जमत नसेल तर वहीत लिहून ती कपाटात ठेवावी. परदेशात बसलेल्या चोराला तुमचे कपाट उघडता येत नाही. बँकेचा पिन मात्र लिहू नये, आणि ओटीपी कुणालाही सांगू नये. जिथे मिळेल तिथे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सुरू करावी.

आणखी एक. घरातला कर्ता माणूस अचानक गेला, की वीस वर्षांचे फोटो आणि कागदपत्रे बंद दाराआड अडकतात. म्हणून ती वही कुठे आहे, हे घरातल्या एका विश्वासू माणसाला आजच सांगून ठेवा. तेवढ्याला शब्दकोश लागत नाही.