पावसाळ्यातील पादत्राणांचा बंदोबस्त

उल्हास नदीकाठच्या बदलापुरातून आणि वालधुनीकाठच्या अंबरनाथ-उल्हासनगरातून ज्यांना आषाढ-श्रावणातही रोज लोकल गाठावयाची असते, त्यांच्या चामडी जोड्यांची जी दुर्दशा होते, तिला पाण्याइतकीच पाण्यानंतरची हयगय कारणीभूत असते. कमावलेल्या चामड्याचे तंतू त्यात मुरविलेल्या तेल-चरबीने मृदू राहतात. भिजलेला जोडा शेगडीजवळ तापविला, की पाण्याबरोबर हा स्निग्धांशही तंतूंतून हलतो आणि चामडे ताठरून तडकते. सबब आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, ते ओलावताच बदलीत, पंख्याखाली सावकाश वाळविणे हाच प्रशस्त मार्ग.

गुळगुळीत चामड्यावरील चिखल ओल्या फडक्याने तत्काळ पुसावा. कापडी बुटांवरचा मात्र वाळू देऊन ब्रशने झाडावा, कारण ओला घासल्यास तो विणीत शिरतो. मेणाचे पॉलिश मृगापूर्वीच, आणि शिवणीवर विशेष दाट, चोळावे; पाण्याचा शिरकाव बहुधा तेथूनच होतो.

अर्थात २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस ज्या पुरात अडकली, त्यापुढे मेणाची मात्रा ती काय चालणार! अशा दिवसांत प्लॅस्टिकच्या चपला पायांत व कचेरीचे बूट पिशवीत, हीच तजवीज मला शहाणपणाची वाटते.