खिडकीशेजारी खिडकी

भोकरदनच्या सेवा केंद्रांत हे दृश्य नेहमीचे आहे. संगणकाच्या पडद्यावर सातबारा उघडलेला, त्याच्यावर पीककर्जाचा अर्ज. केंद्रावरचा मुलगा वरची खिडकी बाजूला सारतो, गट नंबर ध्यानात धरतो आणि पुन्हा अर्जाकडे वळतो. बाकावरचा शेतकरी मान उंच करून पाहतो. पण ‘इतर अधिकार’ हा रकाना नेमका झाकलेला. कर्जाचा बोजा चढतो तो याच रकान्यात! फेडलेल्या कर्जाचा बोजा कमी करायचा राहून गेला असेल, तर नवे कर्ज तिथेच अडते.

बँकेत आम्ही व्हाउचर लेजरशेजारी ठेवून टिक करायचो. कागदावर कागद ठेवून ताळा पाहता येत नाही.

गंमत अशी, की १९८५ साली मायक्रोसॉफ्टने विंडोजची पहिली आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यातल्या खिडक्या एकमेकींवर चढतच नसत. फरशीसारख्या शेजारी शेजारी बसत. एकीवर एक रचण्याची सोय १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. पुढे २००९च्या ‘विंडोज ७’ने दोन्ही साधले. खिडकी पडद्याच्या कडेपर्यंत ओढली, की ती निम्म्या पडद्यात बसते. विंडोजची कळ धरून डावा बाण दाबला तरी तेच. दुसरीसाठी उजवा बाण. अक्षरे बारीक वाटली, तर कंट्रोल धरून माऊसचे चाक फिरवावे.

कर्ज मागणाऱ्यानेही संकोच करू नये. सरळ सांगावे, “भाऊ, दोन्ही शेजारी लाव, आणि आधी ‘इतर अधिकार’ दाखव.”