सायकलचा ब्रेक चाकाला घासतो, तेव्हा

दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, फवारणीचा पंप अशी ओझी आपल्याकडे आजही सायकलवरून जातात. ब्रेक चाकाला घासू लागला की सायकल जड चालते. मग पुष्कळजण ब्रेक ढिला करून टाकतात. काहीजण तर रबरच काढून ठेवतात. भरल्या किटल्या घेऊन खुलताबादहून दौलताबादचा घाट उतरावयाचा असेल, तर हा उपाय जिवावर बेतणारा आहे. ब्रेकला हात लावण्यापूर्वी दोष चाकात आहे की ब्रेकमध्ये, हे पाहावे.

त्यासाठी चाक उचलून हाताने फिरवावे व कान द्यावा. एका फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर दोष चाकाचा. सारखे घासत असेल तर ब्रेक सरकलेला किंवा अडकलेला आहे, अथवा चाक चिमट्यात तिरपे बसले आहे. चेन ताणल्यानंतर मागचे चाक हमखास तिरपे बसते. अशा वेळी एक्सलचे दोन्ही नट सैल करून रिम चिमट्याच्या मधोमध आणावी व नट पक्के आवळावेत. चाक धरून आडवे हलविल्यास खडखडत असेल, तर कोन ढिला झाला आहे. तो आधी बसवून घ्यावा.

आपल्या काळ्या सायकलींना बहुधा सळईचे ब्रेक असतात. त्यांची रबरे रिमच्या आतल्या बाजूवर दाबली जातात. त्यामुळे खड्ड्यात आपटून रिम एका जागी आत दबली, की तेवढ्याच जागी रबर घासते. असा पोचा तारा आवळून निघत नाही, उलट वाढतो. तो दुकानातच काढून घ्यावा. चाक नुसते डाव्या-उजव्या बाजूला लचकत असेल, तर मात्र तारांनी आऊट निघतो. रिम डावीकडे गेली असेल, तर त्या जागच्या उजव्या बाजूच्या तारा आवळाव्यात व डाव्या तेवढ्याच सैल कराव्यात. एका वेळी निपलला पाव फेराच द्यावा व चाक फिरवून पाहावे. तुटलेली तार आधी बदलावी, कारण एक तार गेली की शेजारच्या तारांवर ताण येतो.

पावसाळ्यात दोष बहुधा चिखलाचा असतो. काळ्या जमिनीतील चिकणमाती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. ती सांध्यात बसली, की दाबलेला ब्रेक परत सुटत नाही. माती धुऊन सांध्यांना तेलाचा एकेक थेंब द्यावा. रिमला व रबराला तेल मुळीच लागू देऊ नये. स्प्रिंग मेली असल्यास बदलावी. त्यानंतर रबर व रिम यांत दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवून नट आवळावेत. लोखंडी रिम ओली असता ब्रेक फार कमी धरतो, म्हणून पावसात उतारावर आधीपासूनच हलका ब्रेक लावीत यावे.

नवे रबर घालताना एक गोष्ट जरूर पाहावी. रबराच्या घराचे एक तोंड उघडे असते. चाक ज्या दिशेने फिरते, त्या दिशेला बंद तोंड आले पाहिजे. उलटे बसविल्यास जोराने ब्रेक दाबताच रबर निसटून बाहेर पडते.